पहिल्या खेपेचं नको

हिंदमाताच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेल्या हितेंद्र तावडेने बायकोच्या सतराव्या साडीला "छान आहे" म्हटलं आणि तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. डाव्या हातात दुकानाने पाजलेला चहा, उजव्या हातात फोन. मेल चारच ओळींचा होता. पण शेवटच्या ओळीवर डाव्या हाताला काय झालं कोण जाणे, कप कलंडला आणि समोरच्या मोरपंखी साडीच्या पदरावर चहाचा छोटासा नकाशा उमटला. दुकानदार ओरडला वगैरे नाही. त्याने नुसती साडीची घडी घातली, पिशवीत टाकली आणि अत्यंत प्रेमाने म्हणाला, "मॅडमना हा कलर खुलेल." दर्शनाला मोरपंखी रंग शाळेपासून आवडत नव्हता. "काय आलं रे एवढं? कोण गेलं काय?" तिने विचारलं. दोघं करी रोडच्या एकाच चाळीत वाढलेली, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच चालायचं. "कोणी गेलं नाही," हितेंद्र म्हणाला. "एकाला वर चढवतायत." "ऑफिसात?" "ऑफिसात नाय गं. तिकडे." तिकडे म्हटल्यावर दर्शना पुढे विचारत नसे. गेली सहा वर्षं नवरा रोज पहाटे साडेपाचला उठून तिकडे जात होता, म्हणजे ओट्याशेजारी स्टूल टाकून लॅपटॉप उघडून बसत होता. त्याचा कोणी पगार देत नाही एवढं तिला माहीत होतं, आणि बाई वगैरे भानगड नाही याची तिने पहिल्याच वर्षी खात्री करून घेतली होती.

तिकडे म्हणजे कुठे, हे हितेंद्रने एकदा वडिलांना, कुशाबांना, समजावलं होतं. माणूस प्रोग्राम लिहितो, बाबा, पण तो मशीनला कळत नाही. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. दुभाष्याचं अर्धं काम वाचायचं, अर्धं बोलायचं. वाचणारा जो अर्धा, तो फ्रंटएंड. लिहिणाऱ्याने कुठे माती खाल्ली ते तो आधी दाखवतो. आता जगात तीन टोळ्या असे दुभाषे फुकटात बनवत होत्या. तिघांनी ठरवलं, बोलणारा ज्याचा त्याने बनवावा, वाचणारा मात्र तिघांत मिळून एकच ठेवू. कुशाबांनी थोडा वेळ पंख्याकडे बघितलं. "म्हणजे चाळीतलो सामायिक नळ," ते म्हणाले. "तसंच." "मगे भांडणां होतलीच." इतकं अचूक वर्णन त्या तीन टोळ्यांतल्या एकालाही कधी जमलं नव्हतं. आणि म्हणूनच हितेंद्रला ते काम आवडायचं. इकडे एक वायसर बदलला की तीन घरांतून आरडाओरडा होतो, हे ज्ञान त्याला कॉलेजात नाही, तिसऱ्या मजल्याच्या मोरीत मिळालं होतं.

त्यातही त्याचं खास काम म्हणजे चुका. वाचणारा चूक नीट पकडतो की नाही हे तपासायला मुद्दाम चुकीचे प्रोग्राम लिहावे लागतात, आणि ते हितेंद्र लिहायचा. सहा वर्षांत चारशे बारा. कुठलाही बरा माणूस करणार नाही, अशा चुका. त्यासाठी तो चाळीतली माणसं आठवायचा. रखमाआत्या गोष्ट सांगताना कंस उघडायची, त्यात दुसरा उघडायची, त्यात तिसऱ्या बाळंतपणाचा चौथा, आणि मग "जाऊ दे, भात करपतोय" म्हणून उठून जायची. एकही कंस बंद नाही. तिच्यावर त्याने एकोणीस प्रोग्राम लिहिले होते आणि फाइलींना तिचंच नाव दिलं होतं. परदेशातली माणसं गंभीरपणे एकमेकांना लिहायची की आज रखमा नापास झाली, तपास चालू आहे. हे वाचून ओट्याशेजारच्या स्टुलावर हितेंद्रची छाती भरून येई. आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि ती अजून रोज सकाळी तीन देशांत नापास होत होती.

आणि मग आठ महिन्यांपूर्वी तो अर्णव आला. गिरगावचा, चोवीस वर्षांचा. त्याचा पहिला पॅच, म्हणजे पाठवलेली दुरुस्ती, दोन तासांत घेतला गेला. हितेंद्रचा पहिला पॅच घ्यायला अकरा आठवडे लागले होते, हे त्याला तारखेसकट पाठ होतं. तिन्ही टोळ्यांच्या वतीने नळाची चावी सांभाळणारी बाई नॉर्वेला राहायची. हितेंद्र तिला मनातल्या मनात नॉर्वेच्या वहिनी म्हणायचा. या वहिनी अर्णवला लिहिताना वाक्याच्या शेवटी हसरा चेहरा टाकायच्या. हितेंद्रला सहा वर्षं "थँक्स" मिळत होतं आणि थँक्सपुढे टिंब. त्या टिंबाचा त्याने फार विचार केला होता. चेहरा टाकायला जितकं बोट हलवावं लागतं तितकंही आपल्यासाठी हलत नाही, म्हणजे काय? एकदा त्याने स्वतःच आधी हसरा चेहरा टाकून बघितला. उत्तर आलं, थँक्स, टिंब. आणि वर या पोराने गेल्या महिन्यात साफसफाईचा पॅच पाठवला, त्यात हितेंद्रचे नव्वद चुकीचे प्रोग्राम "एकसारखेच दिसतात" म्हणून काढून टाकले. एकसारखे! त्यात रखमाआत्याचे अकरा होते. आत्या काय प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने भात करपवायची? वहिनींनी तो पॅच घेतला. हसरा चेहरा. दोन.

आता दुकानात आलेल्या मेलमध्ये वहिनींनी लिहिलं होतं की अर्णवला मर्ज करायचा हक्क द्यावा असा प्रस्ताव आहे. म्हणजे दुसऱ्यांचे पॅच नळात सोडायची चावी आता त्याच्या हातात. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कोणाची हरकत आली नाही तर मंजूर समजावं. ही तिसरी ओळ. पण चहा सांडला तो तिसऱ्या ओळीने नाही, चौथीने. चौथी ओळ अशी होती: अर्णवचं नाव हितेंद्रने सुचवलं, त्याच्या मोठेपणाबद्दल आभार. टिंब.

सुचवलं होतं, खरंच सुचवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी वहिनींनी त्यालाच विचारलं होतं, हा हक्क तू घेशील का? सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो मेल सकाळी पावणेसहाला आला तेव्हा हितेंद्रने ओट्यावरचं दूध उतू जाऊ दिलं, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडा नाचला, आणि मग बाहेर येऊन, तोंड पुसून, सभ्य माणसासारखं उत्तर लिहिलं. नको हो, माझी एवढी लायकी नाही, माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत, तो आपला अर्णव आहे, त्याला द्या. लिहिताना त्याला अतिशय पवित्र वाटत होतं. कारण असंच असतं. चाळीच्या सत्यनारायण कमिटीचं अध्यक्षपद कुशाबांना दिलं त्या संध्याकाळचा तो साक्षीदार होता, आठ वर्षांचा, सतरंजीच्या टोकाला. बाबांनी त्या दिवशी सकाळीच केसांना कलप केला होता. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. भाषणाचा कागद खिशात होता. आणि नाव पुकारल्यावर ते दोन्ही हात हलवून म्हणाले, "माका नको हा, दुसऱ्या कोणाक द्या." लोक म्हणाले, तुम्हीच. बाबा म्हणाले, नको. लोक म्हणाले, तावडे, चाळीची शपथ. मग बाबांनी मान अशी खाली घातली, जणू त्यांना कोणी पकडून नेत होतं, आणि उठताना त्यांचा हात खिशातल्या कागदावर होता. तिसऱ्यांदा विचारतात, मग घ्यायचं. हे हितेंद्रला शिकवावं लागलं नाही. लग्नात दर्शनाच्या बापाने अंगठी घालताना, मॅनेजरने शाल देताना, पाव्हण्यांनी लाडू पुढे करताना, सगळीकडे त्याने पहिल्यांदा नको म्हटलं आणि सगळीकडे त्याला मिळालं.

नॉर्वेहून दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. त्याने पहिला दिवस शांतपणे वाट बघितली. वहिनी विचार करत असतील, जरा मिनतवारी कशी करावी याची इंग्रजी जमवत असतील. चौथ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. तुझ्या प्रामाणिकपणाचा आम्हाला आदर आहे, अर्णवचा विचार करतो. आदर! हितेंद्रने कुशाबांना सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसतील असं त्याला वाटलं. पण कुशाबा म्हणाले, "बरोबर केलंस. पयल्या खेपेक होय म्हणणारो माणूस हावरट दिसता." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण ते परत आले नाय?" "नाय." "काय लोकं म्हणायची ही," कुशाबा म्हणाले, आणि नॉर्वे देशाबद्दलचं त्यांचं मत कायमचं बनलं.

सोमवार ते शुक्रवार हितेंद्रने हरकत घ्यायचं कारण शोधलं. स्वतः घेता येत नव्हती, स्वतःच नाव सुचवलेलं. चाळीच्या मीटिंगमध्ये अशा वेळी तिसरा माणूस उभा करतात, ज्याला कशाचंच काही पडलेलं नसतं आणि ज्याला वडापाव दिलेला असतो. असा तिसरा माणूस इंटरनेटवर तयार करायला सहा मिनिटं लागतात. बुधवारी पहाटे त्याने राजेश नावाचं खातं उघडलं आणि राजेशने विचारलं, आठ महिन्यांच्या नव्या मुलाला एवढा हक्क देणं घाईचं होत नाही का? दहा मिनिटांत आपोआप निघणारा निरोप आला. राजेश, प्रकल्पात स्वागत आहे, नवीन माणसांना आम्ही एक मार्गदर्शक देतो, तुझा मार्गदर्शक अर्णव. हितेंद्रने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. निरोप तिथेच होता. दुपारी अर्णवने राजेशला दीड पान लिहिलं. तुझं म्हणणं बरोबर आहे, मी नवीनच आहे, माझ्याकडून काय चुका होऊ शकतात असं तुला वाटतं ते सांग, आणि तुला सुरुवात करायची असेल तर हे हे वाच. वाचता वाचता हितेंद्रला कळेना की आपण कोणावर चिडायचं. संध्याकाळी खुद्द वहिनींनी लिहिलं. राजेश, असे प्रश्न विचारणारी माणसं आम्हाला हवीच आहेत. आणि पुढे हसरा चेहरा.

राजेशला! अर्ध्या दिवसाच्या राजेशला! दुसऱ्या दिवशी ऑफिसात हितेंद्र जेवला नाही. करी रोडच्या पुलावर उभा राहून त्याने खाली बघितलं, पूर्वी जिथे बाबांच्या मिलचा भोंगा होता तिथे आता काचेचा टॉवर होता आणि त्याच्या काचांत पूल वाकडा दिसत होता, पुलावर एक वाकडा माणूस. अर्णवबद्दल वाटायचं ते पोटात जळायचं. राजेशबद्दल वाटत होतं ते दाढेत होतं, आणि दाढ तर आपलीच, उपटणार कोण? शुक्रवारी त्याने राजेशचं खातं बंद केलं. शनिवारी अर्णवचा मेसेज आला: दादा, आपण एकाच शहरात राहतो आणि भेटलो नाही, उद्या दुपारी घरी या ना.

गिरगावातल्या त्या इमारतीत लिफ्ट नव्हती, पण जिने असे रुंद होते की चढताना माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटावं. अर्णवच्या पणज्याने बांधलेली इमारत, आता तिच्यात त्यांची दोन खणांची जागा उरली होती, आणि तरी घरात कुठेच घाई नव्हती. अर्णव हाफपँटवर होता, चष्म्याची एक दांडी रबरबँडने बांधलेली. हितेंद्र त्याच्यात दोष शोधायला आला होता आणि दोष समोरच होते, पण कामाचा एकही नव्हता. अर्णवची आई, सुमतीताई, बाहेर आल्या. त्यांच्या हातात ताट होतं आणि ताटात कोबी-कोळंबीचं भानोलं, नुकतंच ओव्हनमधून काढलेलं, कडा तांबूस झालेल्या. मालवणी माणसाच्या नाकाला कोळंबी दोन मजल्यांवरून कळते. हितेंद्र सकाळपासून नुसत्या चहावर होता. "घ्या," सुमतीताई म्हणाल्या. "नको, नको," हितेंद्रच्या तोंडाने म्हटलं, "पोट भरलंय अगदी." "बरं," सुमतीताई म्हणाल्या आणि ताट आत घेऊन गेल्या.

हितेंद्र त्या दाराकडे बघत राहिला. पडदा हलायचा थांबला. आत चमच्याचा आवाज झाला, झाकण लावल्याचा झाला. अर्णव हसला. "आमच्याकडे आग्रह करत नाहीत, दादा. आजोबांपासूनची शिस्त. ज्याला हवं त्याने मागावं. आईची मैत्रीण एकदा दोन दिवस उपाशी राहिली होती इथे." "छान, छान," हितेंद्र म्हणाला, "मोकळेपणा असतो." त्याच्या पोटाने एक मोठा आवाज केला, आणि दोघांनीही सभ्यपणे रस्त्यावरच्या टेम्पोकडे लक्ष दिलं.

मग अर्णवने लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि कुठलीही तयारी न करता म्हणाला, "दादा, त्या हक्काचं काय करायचं? मला खरं तर तो नकोय. मला त्यातलं वाचायला आवडतं, लोकांना हो-नाही सांगायला नाही आवडत. मी जे शिकलो ते तुमच्या त्या चुकीच्या प्रोग्रामांवरनं शिकलो. त्यातले काही मी काढले तेव्हा तुम्ही भांडाल असं वाटलेलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत." "नाही, ठीक होतं ते," हितेंद्र म्हणाला. "तुम्हीच घ्या ना तो हक्क." खोलीत पंखा फिरत होता. हितेंद्रला सगळं स्पष्ट दिसत होतं. हे घर कसलं आहे ते त्याला दहा मिनिटांपूर्वीच कळलं होतं, भुकेसकट कळलं होतं. इथे एकदाच विचारतात. त्याने तोंड उघडलं, जिभेवर 'हो' तयार होता, आणि जशी शिंक येते तसं आतून काहीतरी आलं, सतरंजीचं टोक, इस्त्रीचा शर्ट, वर झालेले दोन हात, आणि त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं: "छे छे, मी कसला, तूच घे." "बरं," अर्णव म्हणाला, आणि लॅपटॉपमध्ये काहीतरी टाइप केलं. "मला वाटलं तुम्हाला कंटाळा आला असेल, म्हणूनच पहिल्यांदा नको म्हटलंत." "पहिल्यांदा तर म्हणतातच रे!" हितेंद्रचा आवाज चढला. अर्णवने चष्मा वर सरकवला. "कोण म्हणतात?" सगळेच म्हणतात, हे त्या खोलीत खरं वाटेना. हितेंद्र चपला घालत असताना अर्णव दारात उभा होता. "दादा, हवं असेल तर सहाच्या आत तसं लिहा. मनातलं त्यांना कळत नाही, लिहिलेलंच कळतं." आणि मग लहान मुलाच्या निरागसपणाने, "एक राजेश म्हणून आलेला बघितलात? तुसडा होता जरा, पण हुशार. कुठे गेला काय माहीत. मला तो आवडला होता."

घरी येईपर्यंत चार वाजले. चाळ जाऊन आता ते राहत होते त्या टॉवरच्या खालच्या बाकावर बसून हितेंद्र लिहू लागला. सर्वांची इच्छा असेल तर, असं लिहिलं. खोडलं. मागच्या वेळी मी संकोचाने, असं लिहिलं. खोडलं. अर्णव उत्तमच आहे, तथापि. तथापि खोडला. दर खेपेला वाक्याच्या टोकाला कोणीतरी उभं राहून त्याला आग्रह करावा अशी जागा सुटत होती, आणि तिथे कोणी उभं राहत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं की 'मला पाहिजे' हे दोन शब्द त्याने दहावीनंतर उच्चारलेच नव्हते. दर्शनालासुद्धा त्याने कधी विचारलं नव्हतं, तीच एक दिवस जिन्यात म्हणाली होती, आता तू नको म्हटलंस तर मी वडाळ्याच्या त्या स्थळाला होय म्हणेन. पावणेसहाला त्याने सगळं पुसलं आणि लिहिलं: हा हक्क मला पाहिजे. हितेंद्र. लिफ्टमध्ये शिरता शिरता पाठवायचं बटण दाबलं, दार बंद झालं, नेटवर्क गेलं. फोनवर गोल फिरत राहिला. सातव्या मजल्यावर एक बाई कुत्रा घेऊन आत आली आणि तिला वर नाही, खाली जायचं होतं. बाविसाव्यापर्यंत गोल फिरत होता, हितेंद्र उतरायचं विसरला, खाली जाताना फिरत होता, कुत्रा त्याच्याकडे बघत होता. तळमजल्यावर दार उघडलं आणि मेल गेला. पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

उत्तर तो परत वर येऊन दारात चपला काढत असताना आलं. वहिनींनी लिहिलं होतं, हितेंद्र, हे वाचून फार बरं वाटलं, आम्ही सहा वर्षं याचीच वाट बघत होतो. कोणाचीच हरकत नाही. आजपासून तुम्हाला दोघांनाही हक्क दिला आहे. जागा एकच असते असं तुला कोणी सांगितलं? आणि शेवटी हसरा चेहरा. हितेंद्रने तो चेहरा बघितला. तीन श्वास तो सुखी होता, मोजून तीन. मग त्याने पुन्हा वाचलं. दोघांनाही.

"काय रे, मिळालं काय?" दर्शनाने ओट्यापाशी बांगडे साफ करता करता विचारलं. आठवडाभर तिने काही विचारलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं. "मिळालं." आतून कुशाबा ओरडले, "कितव्या खेपेक?" "मग तोंड असं का केलंयस?" दर्शना म्हणाली. "त्यालापण दिलं." "त्या गिरगावच्या पोराला?" "हां." "मग देऊ दे की. त्याला दिलं म्हणून तुझं काय कमी झालं?"

हितेंद्र स्टुलावर बसला. आजवर अशा प्रश्नाला जी उत्तरं द्यायची असतात ती सगळी त्याला येत होती, छे गं, तसं काही नाही, चांगलाच आहे पोरगा. त्याने त्यांतल्या एकेकाचा नीट विचार केला.

"हो," तो म्हणाला. "झालं कमी."